सात ढ नऊ

माझ्या धंद्यात गणितातल्या 'लहान'च्या चिन्हाची आणि 'ढ' या अक्षराची किल्ली एकच होती. एवढ्या एका वाक्यावर मी तीस वर्षं पुरेल इतकी हसले आहे आणि एकदा रडायच्या बेतात आले आहे.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेचा पूल ओलांडला की उजव्या हाताच्या गल्लीत माझं टायपिंग आणि डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, अर्ज, शपथपत्रं, संस्थांचे अहवाल, आणि परीक्षेच्या दिवसांत शाळांच्या प्रश्नपत्रिका. शेजारी रहीमभाईंचं झेरॉक्सचं दुकान. मी टाइप करायचं, त्यांनी वाढवायचं. आमच्या दोघांमध्ये एक लाकडी फळी होती, तिला भोक होतं, आणि त्या भोकातून अकोल्यातल्या निम्म्या कागदपत्रांवर टीका चालायची.

बाहेरच्या माणसाला आमचा धंदा समजावा म्हणून थोडं सांगते. आम्ही वापरायचो त्या जुन्या पद्धतीत संगणकाला मराठी कळत नाही. त्याला फक्त किल्ली कळते. मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी किल्लीला घातलेला मुखवटा. तुम्ही दाबता इंग्रजी अक्षर, पडद्यावर दिसतं मराठी. मुखवटा काढला की खाली भलतंच तोंड. आता नवी पद्धत आली आहे, पण आमच्याकडचे प्रेसवाले जुन्यातच अडकलेले, म्हणून आम्हीही. तर या मुखवट्यांत < या चिन्हाला 'ढ' मिळाला होता, > ला 'झ', आणि बरोबरच्या चिन्हाला 'त्र'. ही वाटणी कोणी केली माहीत नाही. ज्याने केली तो शाळेत मागच्या बाकावर बसत असावा.

म्हणून गणिताचं चिन्ह आलं की आम्ही तेवढ्यापुरता मुखवटा उतरवायचो, म्हणजे तेवढं चिन्ह निवडून त्याला इंग्रजी फॉन्ट द्यायचो. विसरलं की संपलं. एकदा एका वधुपित्याने बायोडाटा करून घेतला. गृहस्थ हिशोबी आणि आधुनिक. 'अपेक्षा' या रकान्यात शब्द घालवायचे नाहीत, चिन्हं घाला म्हणाले. मी घातली आणि एक विसरले. छापून गेलं ते असं : 'मुलाचे शिक्षण झ मुलीचे शिक्षण'. यवतमाळकडच्या एका स्थळाने फोन करून विचारलं, की आमचा मुलगा बी.ई. आहे, झ नाही, तर चालेल का. लग्न जमलं. वधुपित्याला अजून वाटतं की ते चिन्हामुळे जमलं. रहीमभाई त्यानंतर माझ्याकडचा प्रत्येक कागद उजेडात धरून विचारायचे, "ताई, इसमें झ तो नहीं छुपा?"

म्हणजे धोका मला माहीत होता. हे मुद्दाम सांगते आहे. पुढे उपयोगी पडेल, माझ्याविरुद्ध.

संघमित्रा माझ्याकडे प्रथम आली ती चौथीची चाचणी टाइप करून घ्यायला. पातूर तालुक्यातल्या एका खाजगी संस्थेच्या शाळेत शिक्षणसेवक होती. शिक्षणसेवक म्हणजे तीन वर्षं मानधनावर शिकवायचं आणि मग संस्थेने शिफारस केली तर कायम व्हायचं. त्याआधी चार शाळांत तिने तासिकेवर शिकवलं होतं. चारही ठिकाणी एप्रिल महिन्यात 'पुढल्या वर्षी पाहू' असं ऐकून ती घरी गेली होती. एकदा मला म्हणाली, "ताई, मले एकच हौस हाये. मी चौथीत शिकोलेल्या पोट्ट्या पाचवीत गेलेल्या मले त्याच शाळेत उभं राहून पाहाच्या हायेत." हौस म्हणून ही फार महाग नव्हती, पण तिला ती चार वेळा परवडली नव्हती.

ती समोर बसून सांगायची, मी टाइप करायची. "नऊपेक्षा सात लहान," ती म्हणाली. मी टाइप केलं : ९ < ७.

"काय केलं हे?" तिने विचारलं.

"तुम्ही म्हणालात तेच."

ती हसायला लागली. म्हणाली, माझी आख्खी चौथी हेच करते. मग तिने पिशवीतून तुराटीच्या दोन काड्या काढल्या. तूर काढल्यावर उरलेलं झाडाचं वाळकं खोड म्हणजे तुराटी, आमच्याकडे चुलीत जाते. तिच्याकडे ती शिकवायच्या साहित्यात होती. दोन्ही काड्या टेबलावर आडव्या, एकमेकींपासून सारख्या अंतरावर ठेवल्या. "हे बरोबर. इकडचं अंतर तिकडच्याइतकं." मग डावीकडची टोकं जुळवली. "आता डावीकडे जागाच नाई राह्यली, उजवीकडे लय हाये. जिकडे जागा जास्त, तिकडे मोठा आकडा बसते. संपलं." सात डावीकडे, चिमटीत. नऊ उजवीकडे, ऐसपैस. सात < नऊ.

पन्नाशी ओलांडलेल्या बाईला चौथीचं गणित पहिल्यांदा कळण्याचा आनंद काय असतो ते शब्दांत सांगणं अवघड आहे. मी फळीच्या भोकातून रहीमभाईंना बोलावलं आणि काड्या दाखवल्या. त्यांनाही कळलं. आम्ही तिघं दोन काड्यांभोवती उभे राहून असे हसत होतो की बाहेर अर्ज घेऊन थांबलेल्या माणसाला वाटलं दुकानात साप निघाला.

"मंग आपण चुकतो काहून?" मी विचारलं. मीही वऱ्हाडीत उतरले होते.

तिचं उत्तर मला आजवर ऐकलेल्या कोणत्याही भाषणापेक्षा शहाणं वाटतं. मराठीत आपण ज्याच्याशी तुलना करायची तो आधी बोलतो. 'नऊपेक्षा' आधी, 'सात' मागून. कानाला नऊ पहिला येतो, हात नऊ पहिला लिहितो, आणि मागून 'लहान' ऐकू आलं की लहानचं चिन्ह मारून मोकळा होतो. पोरं गणितात चुकत नाहीत. ती मराठीत बरोबर असतात.

आता नानासाहेब. नानासाहेब त्या संस्थेचे सचिव. त्यांच्या नावाआधी सहा विशेषणं असत आणि ती मीच टाइप करायची, त्यामुळे कुठलं विशेषण कोणत्या वर्षी लागलं हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्या वर्षी त्यांनी संस्थेच्या सगळ्या शाळांतल्या चौथीसाठी 'गणितगौरव' परीक्षा जाहीर केली. पेपर काढायचं काम संघमित्राला दिलं. पेपर चांगला झाला की तिची शिफारस जाईल, असं चारचौघांत म्हणाले. तिचं तिसरं वर्ष संपत होतं.

पेपर तिने काढला, मी टाइप केला. पहिल्या प्रश्नात दहा जोड्या, मधे रिकामी चौकट, आणि कंसात तीन चिन्हं : यातलं योग्य चिन्ह भरा. पहिली जोडी सोडवून दाखवलेली, ७ < ९. बाकी सगळी शाब्दिक उदाहरणं. तिने प्रूफ दोनदा वाचलं, प्रत्येक पानावर सही केली आणि पातूरची गाडी पकडायला गेली.

संध्याकाळी नानासाहेबांचा आवाजी निरोप फोनवर आला. ते अमरावतीला होते, पेपर त्यांच्या मेव्हण्याच्या प्रेसमध्ये छापायचा होता. "मॅडम, पेपर पाह्यला. अक्षर लय गरीब दिसून राह्यलं. गौरव परीक्षा होय ते. शाही करा. सगळंच्या सगळं शाही करा, अन् लगेच पाठवा, मशीन थांबली हाये."

शाही म्हणजे मानपत्राचा फॉन्ट. प्रत्येक वेलांटीला शेपूट, प्रत्येक उकाराला फुलोरा. मी सगळा मजकूर एकदम निवडला, शाही केला आणि पाठवला. एक किल्ली. ज्या तीन चिन्हांचे मुखवटे मी जपून उतरवले होते, ते एका फटक्यात सगळ्यांनी परत चढवले. मी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कुकर लावायचा होता.

परीक्षेच्या दिवशी अकराच्या सुमारास संघमित्राचा फोन आला. ती अगदी हळू बोलत होती, वर्गाच्या दारातून.

"ताई, सात ढ नऊ म्हणजे काय होय?"

मी म्हटलं, ढ म्हणजे लहान, झ म्हणजे मोठा, त्र म्हणजे बरोबर, तेवढं फळ्यावर लिहा आणि बाकीच्या शाळांना फोन करा. तिने विचारलं, "झालं कसं पण हे?"

आणि मी म्हटलं, "प्रेसवाल्यानं केलं असन."

एवढंच. तीन शब्द. तीस वर्षांत मी हजारो चुका टाइप केल्या, त्यातली खोटी ही एकच.

वर्गात पुढे काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं आणि सांगताना तिला दोनदा थांबावं लागलं. फळ्यावर तिने तिन्ही अक्षरं लिहिली. पोरांनी एकदा फळ्याकडे पाहिलं, एकदा पेपरकडे, आणि वर्गात खसखस पिकली. त्यांना समजवायची गरजच पडली नाही. सात ढ नऊ : नऊपुढे सात ढ. 'झ' म्हणजे झकास, जो डावीकडे बसला तो झकास. आणि 'त्र' कशाचा, असं एकीने विचारलं, तर मागून उत्तर आलं, "मित्राचा." आठ त्र आठ. आठ नि आठ मित्र. शिवाय मॅडमच्या नावात तो होताच. पोरं एकेक जोडी तोंडाने म्हणून लिहीत होती. बारा ढ वीस. शंभर झ नव्याण्णव. 'बिचारा नव्याण्णव, एकानं गेला,' असं एक पोरगी म्हणाली म्हणे. पर्यवेक्षक म्हणून आलेले दुसऱ्या शाळेचे गुरुजी खिडकीबाहेर तोंड करून उभे राहिले, खांदे हलत होते.

तिसऱ्या दिवशी नानासाहेब स्वतः दुकानात आले. एक मजकूर टाइप करून हवा होता. मी किल्ल्यांवर बोटं ठेवली आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली : कारणे दाखवा नोटीस. प्रति, श्रीमती संघमित्रा. आपण प्रश्नपत्रिकेचे प्रूफ न तपासता संस्थेची प्रतिमा मलिन केली असून, आपली कायम नियुक्तीची शिफारस का रोखण्यात येऊ नये.

मी 'प्रतिमा'पर्यंत टाइप केलं. मग बोटं थांबली. माणूस मोठ्या धैर्याने थांबतो असं लोकांना वाटतं. मी थांबले कारण मला पुढचा शब्द दिसेना.

"साहेब, ही नोटीस माझ्या नावानं काढा," मी म्हटलं.

"तुमी कुठं संस्थेत हाये?"

"नाही. पण चूक माझी आहे. आणि थोडी तुमची."

समोर संघमित्राच्या सह्यांचं प्रूफ ठेवलं. मग पडद्यावर ७ < ९ टाइप केलं, सगळं निवडलं, शाही केलं. सातानंतर फुलोऱ्याचा, शेपटीचा, अगदी राजेशाही ढ उमटला. मग फोन काढून त्यांचाच निरोप लावला. आवाज जरा मोठा होता, हे कबूल करते. 'शाही करा, सगळंच्या सगळं शाही करा' हे वाक्य फळीच्या भोकातून पलीकडे गेलं आणि पलीकडचं झेरॉक्स मशीन बंद पडलं.

नानासाहेबांनी त्या ढकडे पाहून चष्मा काढला. असं वाटलं, आता माझं संस्थेचं काम गेलं, आणि त्याच्यासोबत संघमित्राची पाचवी शाळाही. मग मी शेवटचं जे हाताशी होतं ते टाकलं. तिच्या वर्गात पहिला प्रश्न सगळ्यांचा बरोबर आला होता. नेहमी निम्मे चुकतात. बाकीच्या शाळांतही तसंच असल्याचं ती म्हणत होती.

"सगळ्याइचा?" नानासाहेबांनी विचारलं.

"एकूण एक."

त्यांनी चष्मा पुसला. माणूस पश्चात्तापाच्या काठावर आल्यावर जसा दिसतो तसा त्यांचा चेहरा दिसला, आणि मग तो काठ ओलांडून ते सरळ पलीकडे गेले.

"याले नाव काय देता येईन?" ते म्हणाले. "अक्षरचिन्ह पद्धती? अभिनव अक्षरचिन्ह पद्धती."

फळीच्या पलीकडे रहीमभाईंना खोकल्याची उबळ आली.

त्याच फाइलमध्ये, त्याच पानावर, 'कारणे दाखवा' खोडून मी 'गौरव समारंभ' टाइप केलं. 'प्रतिमा' हा शब्द तसाच ठेवला, पुढे 'उजळली' जोडलं. श्रेय त्यांना घेऊ दिलं, याची बोच मला अजून आहे. पण दुसरी बोच आधी काढायची होती. मी संघमित्राला फोन केला आणि सांगितलं, प्रेसवाला नव्हे, मी. मग ती म्हणाली, "मले त्याच दिवशी माईत होतं, ताई. प्रेसवाल्याले शाही सुचतच नाई." आणि हसली. माफ केलं असं काही म्हणाली नाही. ते मी धरून चालले.

समारंभ अकोल्यातल्या एका सभागृहात झाला. व्यासपीठावर फळा आणला होता. संघमित्राच्या शिफारसपत्राचा मसुदा सकाळी मीच टाइप केला होता, सही व्हायची होती. ती नानासाहेब सर्वांसमोर करणार होते. पत्र त्यांच्या हातात, पेन खिशात, संघमित्रा बाजूला उभी. मी रहीमभाईंसोबत तिसऱ्या रांगेत.

नानासाहेबांनी आपल्या पद्धतीची महती सांगितली. मग प्रात्यक्षिक करतो म्हणाले. खडू घेतला. "समजा, नऊपेक्षा सात लहान," असं खणखणीत म्हणाले आणि त्याच क्रमाने फळ्यावर लिहिलं : ९ ढ ७.

पहिल्या रांगेत चौथीच्या मुली बसल्या होत्या. एकीने शेजारणीला विचारलं, पण सभागृह शांत होतं म्हणून ते सगळ्यांना ऐकू गेलं. "नऊ ढ कसा असन?"

नानासाहेबांनी फळ्याकडे पाहिलं. मग संघमित्राकडे वळले. पत्र त्यांच्या डाव्या हातात, अजून बिनसहीचं.

"काय मॅडम, बरोबर हाये ना?"

तिसऱ्या रांगेतून मला तिचा चेहरा दिसत होता. 'हो' म्हणायला काय लागतं. चार एप्रिल महिने मला तिच्या खांद्यांवर दिसत होते. रहीमभाईंनी माझं मनगट धरलं होतं की मी त्यांचं, आता आठवत नाही.

"चूक हाये साहेब," ती म्हणाली. मग पहिल्या रांगेतल्या मुलींकडे पाहून पुढे म्हणाली, "तुमी बोलले ते बरोबर हाये. लिवलं ते चूक. मराठीत बोलताना नऊ पहिले येते, म्हणून हात फसते. सगळ्याइचा फसते. साहेबानं मुद्दाम फसवून दाखोला."

नानासाहेब हे त्यांच्या सहा विशेषणांपैकी निदान एकाला तरी पात्र असावेत, हे मला त्या दिवशी मान्य करावं लागलं.

"मुद्दाम," ते म्हणाले. "मुद्दामच." आणि पेन काढून सही केली.

टाळ्या झाल्या. सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात पहिल्या रांगेतून, कारण त्यांचा नऊ आता ढ राहिला नव्हता. संघमित्राने फळा पुसून ७ ढ ९ लिहिलं होतं.

पुढच्या जूनमध्ये तिने शाळेतून फोटो पाठवला. पाचवीचा वर्ग, पुढे उभी ती. त्यानंतर वर्षभराने मी दुकान बंद केलं आणि अमरावतीला लेकीकडे आले. सामान आवरताना संघमित्रा मदतीला आली होती. ती गेल्यावर पाहिलं तर संगणकाच्या पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली : 'तुमी त्र मी.'

ती चिठ्ठी मी अमरावतीला घेऊन आले. गणित म्हणून ती चूक आहे. बरोबर उत्तर 'मी ढ संघमित्रा' असं आहे, आणि या वेळी मी क्रम तपासला आहे. पण तिचं प्रूफ दुरुस्त करायची माझी हिंमत नाही.